पांढरा म्हणजे नेमका कुठला पांढरा?

टाकीवर एक ओरखडा, डोक्यावर आलेला दसरा आणि दुकानाच्या काउंटरवर मांडलेल्या पाच पांढऱ्या बाटल्या. मामाच्या गाडीला टचअप करायला निघालेल्या भाचीची ही गोष्ट.

गाडी पडली तेव्हा मी तिच्यावर नव्हते. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. सप्टेंबरचा पाऊस, भुसभुशीत झालेली माती आणि साईड स्टँडवर लावलेली बाईक. मी वडापाव घेऊन परत येईपर्यंत स्टँड मातीत रुतला होता आणि गाडी शेजारच्या लोखंडी रेलिंगवर आरामात रेलली होती. आरसा वाचला, इंडिकेटर वाचला, क्लचची लिव्हरसुद्धा वाचली. टाकीवर मात्र बोटभर ओरखडा उठला आणि त्याच्या एका टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडून आतला पत्रा दिसायला लागला.

गाडी माझी असती तर मी तिथे एखादा स्टिकर चिकटवून मोकळी झाले असते. पण गाडी मामाची. बजाजची व्ही १५, पांढरी, २०१६ ची. ज्यांना ही गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडा इतिहास. ‘आयएनएस विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात उतरली, १९९७ मध्ये निवृत्त झाली. मग बरीच वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये तिची तोडणी सुरू झाली. त्यातलं काही पोलाद बजाजने घेतलं, वितळवलं आणि २०१६ मध्ये ही गाडी आणली. त्या पोलादाचा अंश आहे तो टाकीत. माझा मामा शाळेत इतिहास शिकवतो. यापुढे वेगळं काही सांगायला नको. सिग्नलला कुणी ‘किती देते?’ असं विचारलं, तर मामा मायलेज सांगत नाही. ‘टाकीत विक्रांत आहे,’ असं सांगतो.

मामा तीन आठवड्यांसाठी बंगळुरूला ताईकडे गेला आणि माझ्या इंटर्नशिपची पायपीट बघून किल्ली माझ्या हातात देऊन गेला. ‘दसऱ्याच्या आदल्या दिवशी येतो. गाडी धुऊन ठेव, पूजा मी करणार.’ पडझड झाली त्या दिवशी दसऱ्याला अठरा दिवस होते. चौथ्या दिवशी त्या तांदळाच्या दाण्यावर हळदीसारखा डाग दिसायला लागला. गंज. म्हणजे आता नुसतं लपवून भागणार नव्हतं.

पहिला उपाय मैत्रिणीने सुचवला. व्हाइट नेलपेंट. हसू नका, अर्ध्या होस्टेलच्या स्कूटींवर हाच उपाय आहे. आणि इतिहास बघितला तर ती फार चुकलेलीही नव्हती. १९२०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला आणि तो १९२४ च्या ओकलंड मोटारींवर वापरला गेला. त्याआधी गाडी रंगवून पुरती वाळायला आठवडे जायचे, ड्युको काही तासांत वाळायचा. आपल्याकडचे जुने पेंटर आजही स्प्रेने मारलेल्या कुठल्याही रंगाला ‘ड्युको’ म्हणतात ते त्यामुळेच. नेलपेंटमध्येही आजतागायत तेच नायट्रोसेल्युलोज असतं. नातं लांबचं का होईना, आहे. अडचण एवढीच की हा प्रकार पेट्रोलपुढे टिकत नाही. टाकीवर पेट्रोलचे चार थेंब सांडले की तो चिकट होतो. मी साईड पॅनेलच्या आतल्या बाजूला एक ठिपका देऊन बघितला (हे मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम). ठिपका लांबून ओळखू येत होता. गाडीच्या पांढऱ्यापुढे तो खडूसारखा दिसत होता.

मग नाना पेठ. पुण्यात दुचाकीचा कुठलाही पार्ट हवा असेल तर शेवटी इथेच यावं लागतं. दुकानदाराला म्हटलं, ‘पांढरा टचअप पाहिजे.’ तो म्हणाला, ‘कुठला पांढरा?’ मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने काउंटरवर पाच बाटल्या ठेवल्या. ट्यूबलाइटखाली पाचही सारख्या. रस्त्यावर उन्हात आणल्या तर एक निळसर, एक दुधी, एक साईसारखी, एक नुसतीच भगभगीत आणि पाचवीत बारीक चमक. मी आरसी काढून दाखवली. त्यावर रंगाच्या रकान्यात फक्त ‘व्हाइट’. आरटीओला तेवढं पुरतं, रंगाच्या दुकानाला पुरत नाही.

कारवाल्यांचं बरं असतं. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एका पट्टीवर कलर कोड छापलेला असतो, तो सांगितला की काम झालं. काही बाईकवरही सीटखाली असा स्टिकर सापडतो, तेव्हा तुमच्या गाडीची सीट काढून एकदा बघाच. तो नसेल तर स्पेअर पार्टच्या कॅटलॉगमध्ये रंगीत पार्टच्या नंबरावरून कंपनीने रंगाला दिलेलं नाव मिळू शकतं. आमच्या गाडीच्या रंगाचं नाव निघालं ‘पर्ल व्हाइट’. म्हणजे चमकवाली पाचवी बाटली. मी खूश. घरी आणून एका व्हिजिटिंग कार्डावर लावली, वाळवली, रात्री पार्किंगमधल्या दिव्याखाली टाकीला लावून बघितली. शंभर टक्के मॅच!

सकाळी उन्हात तेच कार्ड टाकीवर ठेवलं आणि रात्री मी काय बघितलं होतं असा प्रश्न पडला. कार्ड स्वच्छ, थंड पांढरं. टाकी त्याच्यापुढे पिवळट. या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असले तर एका दिव्याखाली जुळे भाऊ वाटतात आणि दुसऱ्या प्रकाशात ओळखही दाखवत नाहीत. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घेताना आई कापड हातात घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर का येते, ते मला बाविसाव्या वर्षी समजलं.

शेवटी त्याच दुकानदाराने मागच्या गल्लीतल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांकडे पाठवलं. वय साठीच्या पुढचं, पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, दोन स्प्रे गन आणि भिंतीवर रंगाच्या थेंबांचे हिशेब. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘भावाची का?’ ‘नाही काका, मामाची.’ ‘मामाला माहितीये?’ मी गप्प. त्यांनी मान हलवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

‘पोरी, तू हे कशाशी जुळवतेयस? कंपनीच्या रंगाशी की गाडीच्या रंगाशी?’

मला प्रश्नच समजला नाही. त्यांनी सीट काढली. टाकीचा मागचा जो काठ सीटखाली झाकलेला असतो तो उघडा झाला. त्याच्यावर माझं कार्ड ठेवलं. तंतोतंत! मग तेच कार्ड टाकीच्या वरच्या भागावर ठेवलं. फरक सरळ दिसत होता. ‘हा कंपनीचा रंग,’ काका काठावर बोट ठेवून म्हणाले, ‘आणि हा नऊ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा.’ झाकणाच्या खाली तर पेट्रोल ओघळून पिवळ्या रेघेचा तिसराच रंग झाला होता. माझी बाटली चुकीची नव्हती. ती नऊ वर्षं उशिरा आली होती.

उन्हातल्या अतिनील किरणांनी वरची लॅकर आणि खालची रंगद्रव्यं दोन्ही हळूहळू बदलतात. लाल गाड्या विटून गुलाबीकडे झुकतात ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. पांढऱ्याचं कुणी मनावर घेत नाही, कारण पिवळेपणा इतका सावकाश येतो की रोज बघणाऱ्याला तो दिसतच नाही. शेजारी नवा पांढरा ठेवला की मगच दिसतो. टचअप नेमकं तेच करतो, जुन्याच्या मधोमध नवा पांढरा आणून ठेवतो.

त्यात आमचा रंग पर्ल. गाडीच्या पत्र्यावर काय काय असतं ते काकांनी ओरखड्याच्या कडा दाखवून समजावलं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितलं तर खरंच पायऱ्या दिसतात. तळाला पत्रा, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. सगळं मिळून जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर. साध्या रंगात, म्हणजे सॉलिड शेडमध्ये, मधला थर एकच असतो. मेटॅलिकमध्ये त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. पर्लमध्ये अभ्रकाचे, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा दिलेले. पर्ल पांढऱ्यात बहुतेक वेळा आधी साधा पांढरा मारतात, त्यावर मोत्याचा अर्धपारदर्शक थर आणि मग लॅकर. उजेड त्या कणांवर आपटून परत येतो, म्हणून समोरून गाडी एक दिसते आणि बाजूने वेगळी.

आता ब्रश आणि स्प्रेमधला फरक बघा. स्प्रेने मारल्यावर हे कण बरेचसे आडवे, एका पातळीत बसतात. ब्रशने किंवा टूथपिकने लावल्यावर वेडेवाकडे, कुणी उभा कुणी तिरका. म्हणजे अगदी कारखान्यातल्याच डब्यातला रंग आणला आणि ब्रशने लावला तरी तो वेगळा दिसणार! हे ऐकून मी जवळपास रडकुंडीला आले. मोठ्या वर्कशॉपमध्ये रंग मोजायचं यंत्र असतं, स्पेक्ट्रोफोटोमीटर. पर्ल आणि मेटॅलिकसाठीचं यंत्र एकाच जागेचा रंग वेगवेगळ्या कोनांतून मोजतं, कारण एका कोनातलं उत्तर अपुरं पडतं. यंत्र फॉर्म्युला देतं, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये रंग मिसळतात. काकांचं यंत्र म्हणजे त्यांचे डोळे आणि सकाळचं ऊन.

त्यांनी माझ्यापुढे तीन पर्याय ठेवले. एक, टाकी पूर्ण खरवडून नव्याने रंगवायची. ओरखडा गायब, रंग सगळीकडे सारखा. पण मग बाजूची पॅनेलं जुनी दिसणार, म्हणजे तीही रंगवा. खर्च माझ्या महिन्याच्या स्टायपेंडच्या पुढे. दोन, कुठून तरी जुन्या गाडीची बरी टाकी मिळवून बदलायची. शेडमधला एक मुलगा म्हणाला, ‘बेस्ट आहे हे, एका दिवसात होईल.’ मी विचार करत होते. मामा टाकीवर थाप मारतो ते दिसत होतं. टाकी बदलली असती तर पांढरा रंग राहिला असता आणि नेमकी विक्रांत गेली असती. त्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतली विक्रांत आली असती, हे कबूल. पण मामाला मी हे तोंड वर करून सांगू शकले नसते.

तिसरा पर्याय, टचअप. ‘दिसणार थोडं,’ काका म्हणाले. ‘हातभर अंतरावरून नाही दिसणार. नाक लावून बघितलं तर दिसेल. चालतंय?’

चालतंय.

तेवढ्यात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. टाकीच्या खालच्या कडेला, गुडघा येतो तिथे, एक मळकट पांढरा ठिपका होता. त्यांनी नखाने हलकेच खरवडला. ‘हे कोणी केलंय? रंग नाहीये हा.’ मला काहीच माहीत नव्हतं. तो तसाच ठेवला.

रंग मिसळायला दीड तास गेला. माझ्या पाचव्या बाटलीचा आम्ही आधार म्हणून वापर केला. पत्र्याच्या पट्टीवर पांढरा, त्यात सुईच्या टोकाने पिवळा. फार पिवळा झाला. पुन्हा पांढरा. मग काळा, तोही एवढासा की मला वाटलं काका फक्त सुई दाखवतायत. पण पांढऱ्यात काळ्याचा कणही लगेच बोलतो, सगळा भगभगीतपणा खाली येतो. प्रत्येक वेळी पट्टीवर लावायचं, वाळू द्यायचं, वरून लॅकर द्यायची आणि उन्हात टाकीला चिकटवून बघायचं. ओला रंग बघून कधीच ठरवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. लॅकरशिवाय ठरवायचं नाही, हा दुसरा. चौथ्या पट्टीला काकांनी डोळे बारीक केले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि भिंतीवर थेंबांचा हिशेब लिहिला. शेजारी ‘मामा’.

लावायचं काम मात्र त्यांनी त्या दिवशी केलं नाही. आभाळ भरलं होतं. दमट हवेत लॅकर वाळताना वरच्या थरात ओलावा अडकतो आणि ती दुधाळ पडते. ‘ऊन पडेल त्या दिवशी ये, तुझ्याच हाताने करून घेतो.’ तीन दिवस मी हवामानाचे अंदाज क्रिकेट स्कोअरसारखे बघत होते.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. आधी जागा शाम्पूने धुतली, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली, कारण पॉलिशचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. गंजाचा दाणा बारीक पेपरच्या टोकाने हळूहळू घासला, पत्रा पांढरा होईपर्यंत. इथे घाई केली की गंज रंगाखाली वाढत राहतो आणि सहा महिन्यांनी फोड येऊन वर निघतो. लांबी भरायची का, असं मी विचारलं. मला वाटत होतं प्रत्येक ओरखड्याला लांबी लागते. ‘खड्डा असेल तर लांबी. हा ओरखडा आहे.’ पत्रा उघडा होता तिथे टूथपिकने प्रायमरचा एक ठिपका. वाळल्यावर रंग, तोही ओरखड्याच्या आतच, कडांवर न चढवता. एकदम भरायचा नाही. पातळ थर, थांबा, पुन्हा पातळ थर. माझा हात थरथरत होता. पहिला थर मी कडेबाहेर घालवला, काकांनी न बोलता पुसून टाकला. मोत्याचा थर लावताना मात्र त्यांनी टूथपिक माझ्या हातातून घेतली आणि रंग लावण्याऐवजी नुसता टेकवला, म्हणजे कण त्यातल्या त्यात सपाट बसावेत.

शेवटी लॅकर. टाकीवर पेट्रोल सांडणार हे गृहीत धरून काकांनी हार्डनर मिसळायची टू-के लॅकर वापरली. तिच्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, आणि ती फवारताना फुप्फुसात गेली तर दमा होऊ शकतो. साधा कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही. यूट्यूब बघून बाल्कनीत टू-के स्प्रे मारायचा प्लॅन असेल तर तो रद्द करा. आम्ही फक्त टोकाने एक थेंब लावला, तोही शेडबाहेर. काकांशी झालेल्या गप्पांचं रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं तर दर दोन मिनिटांनी खोकला ऐकू येत होता. चांगले मास्क त्यांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेले होते, एकदम कोरे. ‘उकडतं गं,’ एवढंच उत्तर मिळालं.

आठवडाभर लॅकर कडक होऊ दिली. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला २००० नंबरचा वॉटर पेपर, फक्त उंचवट्यावर, बोटाचा भार न देता. वरून रबिंग कंपाउंड, वरून पॉलिश. काकांनी दीडशे रुपये घेतले. त्यातले पन्नास शिकवणीचे, म्हणाले. उरलेला रंग एका रिकाम्या नेलपेंटच्या बाटलीत भरून दिला. बाटली माझ्या मैत्रिणीची होती, एवढंच समाधान तिला.

हातभर अंतरावरून खरंच काही दिसत नव्हतं. वाकून बघितलं तर बोटभर रेघेत चमक जरा वेगळी आणि दाण्याच्या जागी किंचित गडद. मला ती रोज दिसायची. घरातल्या इतर कुणालाही शोधून सापडली नाही.

दसऱ्याच्या सकाळी मामा खाली उतरला, हातात झेंडूचा हार आणि जुना मऊ टॉवेल. गाडी मी धुतलेलीच होती, तरी त्याने पुन्हा पुसायला घेतली. हँडल, मीटर, मग टाकी. टॉवेल एका जागी थांबला. मामाने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळपास टाकीला लावलं.

‘इथे काय झालं?’

मी सगळं सांगितलं. रेलिंग, वडापाव, पाच बाटल्या, काका, भिंतीवरचा हिशेब. टाकी बदलायचं सुचवलं होतं तेही सांगितलं. त्यावर त्याने एकदम वर बघितलं. ‘नाही ना बदललीस?’ ‘अरे नाही रे मामा, तीच आहे.’ तो पुन्हा वाकला, बोट फिरवून बघितलं. ‘बोटाला लागत नाहीये की.’

मग मी गुडघ्याजवळच्या त्या मळकट ठिपक्याचं विचारलं. मामाने आधी हार घातला, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला.

‘ते व्हाइटनर आहे,’ तो म्हणाला. ‘शाळेच्या गेटला घासली होती, घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात. मामीला अजून सांगितलेलं नाही.’

उरलेल्या रंगाची बाटली सध्या त्याच्याकडे आहे. पुढच्या कोरड्या रविवारी बसायचं ठरलंय.